डुकराच्या नाकापुढं हातभर

“बार काढायचा, जयमाला. जीव काढायचा न्हाई. आन् बंदूक तुज्या हातात ऱ्हाऊ दी, भीमाच्या नगं. त्याला राग लवकर येतो.”

सासूबाई चांगुणाबाई हे बोलल्या तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या, पण आवाज असा की शेजारच्या मुक्ताबाईनं भिंतीपलीकडून “व्हय, व्हय, लवकर येतो,” म्हणून दुजोरा दिला. भीमराज आईच्या पायथ्याशीच बसला होता. त्याला ते इतकं लागलं की तो तिथल्या तिथं रागावून बाहेर निघून गेला. चांगुणाबाईंना आणखी काही सिद्ध करावं लागलं नाही.

जयमालानं सासूचा हात हातात घेतला आणि “हो, आत्याबाई,” म्हटलं. तिचं ‘हो’ म्हणजे काय, हे कर्जतमधल्या तिच्या शाळेतल्या पोरांना ठाऊक होतं. ती कधी ओरडत नसे. इतकी हळू बोले की शेवटच्या बाकाला ऐकू यावं म्हणून सगळा वर्ग आपोआप गप्प बसे. पण ‘उद्या पाढे घेणार’ म्हटलं की पावसात, तापात, गावात लाऊडस्पीकर चालू असताना पाढे व्हायचेच. रोज पहाटे अंघोळ करून, पांढरी साडी नेसून ती तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावी आणि त्रिसरण-पंचशील म्हणे. त्यातलं पहिलंच शील जीवहिंसा न करण्याचं. अशा बाईच्या नावावर बंदूक करायची, हा विचार चांगुणाबाईंनाच सुचू जाणे.

बंदूकही साधी नव्हे. चांगुणाबाईंचे सासरे कोण्या गोऱ्या साहेबाच्या हरणाच्या शिकारीत हाकारे घालायला जात. साहेब मायदेशी निघाला तेव्हा ही शिकारी रायफल त्यांच्या गळ्यात मारून गेला. ठासणीची. तोंडातून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळून गोळी घालायची, लांब गजानं ठासायची, मागं ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, आणि मग डुक्कर एव्हाना गेलं नसेल तर नेम धरायचा.

परवाना सुनेच्या नावावर करायला दोघं नवराबायको कचेरीत गेली. तिथले कारकून म्हणाले, “बाई, मिस्टरांच्या नावावर करा की. सोपं पडेल.”

“त्यांना राग लवकर येतो,” जयमाला म्हणाली. खोटं न बोलणं हेही शीलच.

कारकुनांनी भीमराजकडं पाहिलं. भीमराज राग आवरत होता आणि त्या प्रयत्नात वांग्याच्या रंगाचा झाला होता. कारकुनांनी पान उलटलं.

“तुमच्या घरी आल्यापासून या हत्यारानं किती जनावरं मारली?”

“एकही नाही.”

“पुढं किती मारायचा विचार आहे?”

“एकही नाही.”

कारकुनांनी पेन खाली ठेवलं. “मग बाई, बंदूक पाहिजे कशाला?”

“शेतसंरक्षणासाठी,” जयमालानं त्यांच्याच छापील कागदावर बोट ठेवलं. परवाना मिळाला, फक्त मिळेपर्यंत दोन उन्हाळे गेले.

तोवर चांगुणाबाई वारल्या होत्या, आणि ते रानडुकरांनाही कळलं होतं. कर्जतबाहेर बरडाच्या, म्हणजे खडकाळ माळाच्या, कडेला जयमालाच्या घरचं, भिंगारदिव्यांचं, भुईमुगाचं रान. चांगुणाबाई हयात असताना पहाटे बांधावर उभ्या राहून नुसता दारूचा बार काढायच्या, बिनगोळीचा. डुकरं पळायची. पण जनावर काही माणसासारखं आयुष्यभर फसत नाही. एकोणीसशे शहाण्णवच्या खरिपात जयमालानं पहिला बार काढला, तेव्हा कळपातल्या मोठ्या मादीनं मान वर केली, ‘बदली आली वाटतं’ अशा नजरेनं पाहिलं आणि पुन्हा शेंगा उकरायला लागली.

सल्ल्यांना तोटा नव्हता. मुक्ताबाई म्हणाली, “रानाभवती जुनी लुगडी बांधा, लाल बघून.” बांधली. डुकरं त्यांच्याखालून आली. बांधाला बांध असलेला कानिफनाथ म्हणाला, “बाई, कटिंगच्या दुकानातली केसं पसरा. मान्साचा वास आला की डुक्कर फिरकत न्हाई.” भीमराज पाटबंधारे खात्यात वरिष्ठ कारकून; गावाला पाणी द्यायचा योग त्याच्या खात्याला अजून आला नव्हता, तेव्हा निदान केस तरी द्यावेत म्हणून त्यानं छगन न्हाव्याकडून पोतंभर केस आणले. ते पसरले त्याच दुपारी वारं सुटलं. डुकरं शेंगा खाऊन गेली आणि घरातल्या आमटीत पंधरवडाभर गावातल्या प्रतिष्ठित मंडळींचे केस निघत राहिले.

“एक डुक्कर पाडल्याबिगर ही जात ऐकायची न्हाई,” कानिफनाथानं निकाल दिला. “भाऊसाहेब, तुमीच उचला बंदूक.”

भाऊसाहेबांना, म्हणजे भीमराजला, हेच हवं होतं. “जयमाला, येत्या तिसऱ्या पौर्णिमेपर्यंत बघतो. नाहीतर बंदूक मी घेणार. परवाना तुझा, राग माझा.”

त्या रात्री जयमाला शेंगा निवडत बसली आणि सकाळी वंदना झाल्यावर म्हणाली, “अहो, मला नेम धरायला शिकायचंय.”

भीमराजचा चेहरा उजळला. “आता कसं! पाडायचंच ना?”

“चुकवायचंय,” जयमाला म्हणाली. “नुसत्या आवाजाला ती सरावलीत. गोळी त्यांच्या नाकापुढं हातभर जमिनीत शिरली पाहिजे. माती उडाली पाहिजे तोंडावर. लांब पडली तर भीत नाहीत. जवळ पडली तर…” तिनं तसबिरींकडं पाहिलं. “म्हणून नेम अगदी अचूक पाहिजे. मारणाऱ्याचं एकवेळ चुकलं तरी चालतं.”

भीमराज निशाणाला काही मिळतं का ते शोधायला उठला. लग्नाला इतकी वर्षं होऊनही बायकोला नाही कसं म्हणायचं हे त्याला नीट जमलेलं नव्हतं.

सराव बरडावर सुरू झाला. निशाण म्हणून भीमराजनं पत्र्याच्या जुन्या परातीवर खडूनं डुक्कर काढलं, आणि डुकराच्या नाकापुढं फुली. फुलीला लागली तर पास, डुकराला लागली तर नापास. सासूबाईंच्या डब्यातल्या शिशाच्या जुन्या गोळ्या होत्या. पहिली गोळी परात सोडून, परातीमागचा दगड सोडून, कानिफनाथाच्या नव्या प्लास्टिकच्या टाकीला लागली. कानिफनाथ भला माणूस, भांडला नाही. फक्त पुढं महिनाभर येता-जाता “या बाई, भोक बघून जा,” म्हणत राहिला.

दुसऱ्यांदा चिंधी कमी पडली. जयमालानं नळी जरा खाली केली तशी गोळी घरंगळत येऊन भीमराजच्या बुटावर टपकन पडली. तिसऱ्यांदा घोटाळा भीमराजचा. गोळी ठासल्यावर गज बाहेर काढायचा असतो, हे तो कानिफनाथाला समजावून सांगत होता. त्या समजावण्यात गज आतच राहिला. बार झाला, आणि तो लांबच्या लांब गज सुसाट जाऊन कानिफनाथाच्या कडब्याच्या गंजीत बाणासारखा रुतला.

“काढायचा म्हनजे आसा व्हय?” कानिफनाथानं विचारलं.

शिवाय बंदुकीचा धक्का. जयमालाचा उजवा खांदा काळानिळा झाला, फळ्यावर हात वर जाईना. हेडमास्तरांनी आपुलकीनं विचारलं, “काय झालं हो बाई?”

“बंदूक लागली,” ती हळूच म्हणाली.

त्या दिवसापासून तिच्या रजेचे अर्ज फार झटकन मंजूर होऊ लागले.

तेव्हा भीमराजला आमोसची आठवण झाली. आमोस त्याचा नगरच्या शाळेतला मित्र, एमआयडीसीत स्वतःचं लेथ मशीन टाकलेला. लेथवर काम करताना चर्चमधली गाणी म्हणायचा आणि कडव्याच्या शेवटी मापं चुकवायचा. त्यानं एक जुनी गोळी बोटांत धरून फिरवली.

“भीमा, शिसं मऊ. तुम्ही ठासता तशी गोळी चेपते. प्रत्येक गोळी वेगळ्या आकाराची होऊन बाहेर पडते, मग जाणार कुठंही. मी तांब्याच्या सळईतून कापून देतो. एकजीव, सबंध तांब्याची, आत-बाहेर एकच. चेपायचं नाव नाही. आणि तांबं शिशापेक्षा हलकं, आखूड केली की आणखी हलकी. वहिनींच्या खांद्याला धक्का कमी.”

“पण कायद्यात बसेल का?” जयमालानं विचारलं.

झालं. भीमराजच्या अंगातला कारकून जागा झाला. ‘शिशाऐवजी तांब्याची गोळी वापरण्याबाबत’ असा त्यानं रीतसर अर्ज केला. अर्ज एका कचेरीतून दुसरीत गेला, दुसरीनं तो खनिजाचा विषय समजून तिसरीत धाडला, तिसऱ्या साहेबांनी ‘भुईमूग’ हा शब्द वाचून तो शेतीकडं लोटला, शेतीवाल्यांना त्यात सिंचनाचा वास आला, आणि एके सकाळी तो योग्य त्या कार्यवाहीसाठी पाटबंधारे खात्यात, भीमराजच्याच टेबलावर येऊन पडला. दुसरा कुणी असता तर त्यानं स्वतःच मंजुरी देऊन टाकली असती. भीमराजनं दिवसभर विचार केला आणि ‘सदर विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही’ असा शेरा मारून अर्जदारास, म्हणजे स्वतःला, परत पाठवला. पोस्टानं.

शेवटी परवान्याच्या कारकुनांनीच हात जोडले. “बाई, परवान्यात बंदूक आहे, दारू आहे, गोळी आहे. गोळी कशाची हे लिहिलेलं नाही. जे लिहिलेलं नाही ते विचारत जाऊ नका हो.”

आमोसच्या पहिल्या गोळ्या नळीत जाईनात. दुसऱ्या वेळच्या इतक्या बारीक की नळीत खुळखुळ्यासारख्या वाजत. तिसऱ्या खेपेला त्याच्या बायकोनं, दीनानं, लेथजवळ स्टूल टाकून बसून त्याला गाणं म्हणू दिलं नाही, तेव्हा गोळ्या बरोबर उतरल्या. आखूड, टपोऱ्या, लालसर. दिसायला इतक्या गोड की मुक्ताबाईनं एक हातात घेऊन, “ह्याच्या कुड्या लई झ्याक दिसतील गं,” म्हटलं.

तरी जयमालाचं समाधान होईना. सगळ्या गोळ्या सारख्याच वजनाच्या आहेत कशावरून? ती राधाकृष्ण सराफाच्या दुकानात गेली. त्यानं सोन्याच्या काट्यावर एकेक गोळी तोलली, दोन जड निघाल्या त्या बाजूला काढल्या, आणि सवयीनं, “घडणावळीत घट किती धरू, बाई?” असंही विचारलं. मग जयमालानं पिशवीतून पुडी काढली. “दारूही दर बाराला सारखीच हवी. तेवढी तोलून…”

“कसली दारू?”

“बंदुकीची.”

राधाकृष्णानं आधी समोरची शेगडी विझवली. मग देवापुढची उदबत्ती. मग गल्ल्यावर बसून विडी ओढणाऱ्या आपल्या सासऱ्यांच्या तोंडातली विडी काढून घेतली. आणि मग दोन्ही हात जोडून म्हणाला, “बाई, काटा घरी घेऊन जा. परत नाही आणला तरी चालेल.”

बरडावर आता काम शास्त्रशुद्ध चाललं. चिमूटभर दारू कमी केली की गोळी परातीखाली जाई, वाढवली की भरकटे. जयमाला एका वेळी एकच गोष्ट बदले, जशी पोरांना गणितात एका वेळी एकच पायरी करायला लावी. भीमराजकडं चिंध्यांचं खातं होतं. त्यानं कापड वाचवायला कचेरीतली जुनी परिपत्रकं वापरून पाहिली. बारासरशी ती पेटती होऊन वाळल्या गवतावर उतरली, आणि शासनाचं धोरण चपलेनं बडवून विझवताना त्याची एक मिशी अर्धी झाली. ताठ खादी घातली तर गोळी अडके, पातळ मलमल फाटे. अखेर जयमालानं ट्रंकेतून चांगुणाबाईंचं जुनं पांढरं लुगडं काढलं. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. तिनं क्षणभर ते गालाला लावलं, मग कडेचा तुकडा फाडला, त्याला खोबरेल चोपडलं, गोळी त्यात गुंडाळली आणि ठासली.

बार झाला. खांद्याला नुसता टप्पल मारल्यासारखा धक्का. धूर निवळल्यावर दिसलं: फुलीच्या बरोबर मध्यात भोक. पुढची गोळी त्याच भोकाशेजारी. तिसरी दोन्हींच्या मध्ये.

“बाई,” कानिफनाथ हळहळून म्हणाला, “येवढा नेम आन् डुकराला मारायचं न्हाई? पाप हाय हो हे.”

ठरलेली पौर्णिमा आली. उपोसथाचा, बौद्धांच्या व्रताचा दिवस. जयमाला तांबडं फुटायच्या आधी उठली, वंदना केली, पांढरी साडी तशीच ठेवून रानात गेली. मागून भीमराज अर्धी मिशी घेऊन. ठरलं होतं: आज जमलं तर जमलं, नाहीतर बंदूक त्याच्या हातात.

कळप आला. मोठी मादी पुढं, तिच्या मागं पट्ट्यापट्ट्यांची पिलं. जयमालानं बंदूक उचलली. तिचे ओठ हलत होते. भीमराजला वाटलं, अंतर मोजतेय. ती पहिलं शील म्हणत होती. मादीनं नाक जमिनीत खुपसलं. नाकापुढं हातभर.

धाड!

मातीचा कारंजा उडाला. मादी चारी पायांवर उंच उडाली, असं काही किंचाळली की तिची पिलं तिच्याही पुढं पळाली. धुरातून कळप कानिफनाथाच्या रानाकडं दिसेनासा झाला.

“जमलं!” भीमराज ओरडला. “जमलं, जमलं!” आणि धूर विरता विरता त्याचा आवाज बसला. “जयमाला… ते काय आहे?”

बांधापलीकडं, कळप गेला त्याच वाटेवर, अंधुक उजेडात काहीतरी काळं पडलं होतं. मोठं. हलत नव्हतं.

जयमालानं बंदूक बांधावर ठेवली. दगडाला लागून उडाली असेल गोळी. तांब्याची, एकजीव, न चेपणारी. इतकं तोलून-मापून आपण काय केलं? आत्याबाईंच्याच लुगड्यात गुंडाळून. ती बांधावर बसली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तेही आवाज न करता.

आणि ज्याला राग लवकर येतो तो भीमराज तिच्याशेजारी बसला. “तुझी चूक नाही,” तो म्हणाला. “मीच घाई केली. पौर्णिमा-बिर्णिमा. मीच.” मग उठला. “तू इथंच थांब. मी बघून येतो.”

“नको. माझ्या हातून झालंय, मीच बघणार.”

दोघं निघाली. जवळ जाईल तसं ते काळं आणखी मोठं होत गेलं. एवढं डुक्कर नगर जिल्ह्यात कुणी पाहिलं नव्हतं. जयमालानं हात जोडले. त्या काळ्या ढिगानं सावकाश मान वळवली, तिच्याकडं पाहिलं, आणि तोंडातला चारा या गालातून त्या गालात घेतला.

“आमची चंद्री हाय ती,” मागून कानिफनाथाचा आवाज आला. तो टमरेल घेऊन धावत आला होता. “म्हस हाय, बाई! रवंथ करतीय.”

“पण एवढा बार झाला तरी हलली कशी नाही?” भीमराजनं विचारलं.

“बहिरी हाय. पंपाच्या इंजनापाशी बांधून बांधून. तिच्या कानाशी तोफ डागली तरी दूध तेवढंच देती.”

जयमालानं चंद्रीला शिंगापासून शेपटीपर्यंत तपासलं. पोटाखाली वाकून पाहिलं. कुठंही ओरखडा नव्हता. मग तिनं म्हशीच्या गळ्यात हात टाकले आणि इतक्या मोठ्यांदा हसली की वर्गातल्या शेवटच्या बाकालाच काय, शेजारच्या शाळेलाही ऐकू गेलं असतं. भीमराजनं बायकोचं असं हसू पहिल्यांदा ऐकलं. तोही हसायला लागला. गोळी त्यांनी नंतर मातीतून उकरून काढली. जिथं पडायची तिथंच, वीतभर खोल, जशीच्या तशी.

सगळ्यात आधी कानिफनाथ हसायचा थांबला, कारण त्याच्या काहीतरी लक्षात आलं.

“पर बाई, डुकरं गेली कुटं?”

त्याच्या मक्यात, अगदी आतून, कणसं मोडल्याचा आवाज येत होता.

“ह्यो न्याय हाय का?” तो म्हणाला. “तुमची शेंग वाचली आन् आमचा मका गेला! टाकीचं भोक सोसलं, गंजीत गज सोसला. आता म्या फास लावला तर मला बोलू नगा.”

भीमराजच्या कानशिलाची शीर उडायला लागली. तो काही बोलणार, तेवढ्यात जयमाला म्हणाली, “फास नका लावू, भाऊ. उद्या पहाटे मी तुमच्या बांधावर येते.”

“नक्की?”

“हो.”

दिवसभर भीमराज कुरकुरला. कानिफनाथ झाला की पलीकडचे येतील, पलीकडचे झाले की त्यांच्या पलीकडचे. पाटबंधाऱ्याचं पाणी पोचलं नाही तिथवर तुझ्या गोळ्या पोचतील. आमोसला काय आता तांब्याची खाणच घ्यायला सांगायची? जयमाला ऐकत राहिली आणि लुगड्याच्या तुकड्यांना खोबरेल चोपडत राहिली. निजताना त्यानं एवढंच म्हटलं, “मला उठव. गज मी धरीन.”

दुसऱ्या पहाटे ती उठली. अंघोळ केली, मेणबत्ती लावली, त्रिसरण-पंचशील म्हटलं. भीमराज तोंड उघडं टाकून घोरत होता. अर्ध्या मिशीनं झोपेत तो फार गरीब दिसत होता. तिनं त्याला उठवलं नाही. गज आठवणीनं हातात वेगळा घेतला, पदराला दोन टपोऱ्या गोळ्या बांधल्या, बंदूक खांद्यावर घेतली आणि कडीचा आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं. मग कानिफनाथाच्या रानाकडं वळली, आज चंद्री कुठं बांधलीय ते आधी बघायला.